व्हीआर हेडसेटसाठी ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे

गोव्यात व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट बहुधा कोणाच्या तरी बॅगेतून येतो. कोणाचा भाऊ आखातात असतो, कोणाचे यजमान बोटीवर असतात, आणि सुटीवर येताना ते मुलांसाठी मेटा कंपनीचा एक क्वेस्ट हेडसेट घेऊन येतात. पहिले काही दिवस हेडसेटच्या आतलेच खेळ खेळण्यात जातात. मग तोच हेडसेट संगणकाला जोडला तर मोठे खेळ खेळता येतात हे कळते, तो जोडला जातो, चित्र अडखळू लागते आणि ग्राफिक्स कार्ड बदलायचे असे घरात ठरून जाते. फोंडा आणि डिचोली भागातल्या नात्यातल्या व ओळखीच्या मुलांसाठी मी गेल्या काही वर्षांत अशी बरीच कार्डे निवडून दिली आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की निवडीची सुरुवात कार्डापासून करू नये. आधी हेडसेटची मागणी पाहावी, मग संगणक नेमका कुठे अडतो ते शोधावे, त्यानंतर घरातली वीज आणि कॅबिनेटमधली जागा तपासावी, आणि मगच कार्डाचे नाव घ्यावे.

प्रथम एक खुलासा. क्वेस्टच्या आत बसवलेले खेळ हेडसेटच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालतात आणि संगणकातले कार्ड कितीही भारी असले तरी त्या खेळांत तिळमात्र फरक पडत नाही. कार्डाचा संबंध येतो तो खेळ संगणकावर चालवून त्याचे चित्र लिंक केबलने, एअर लिंकने, स्टीम लिंकने किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉपने हेडसेटमध्ये पाठवले जाते तेव्हा, किंवा वाल्व्ह इंडेक्ससारखा हेडसेट मुळातच संगणकाला तारेने जोडलेला असतो तेव्हा. संगणक म्हणजे लॅपटॉप असेल, तर जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि ती बदलता येत नाही. अशा वाचकाला या लेखातला हिशेब पुढचा संगणक घेताना उपयोगी पडेल.

आता हेडसेटची मागणी मोजू. साध्या मॉनिटरवर १९२० × १०८० चे चित्र म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल, आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर कार्डाला दर सेकंदाला साधारण साडेबारा कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ × २२०८ पिक्सेल असतात. दोन डोळ्यांचे मिळून ते ९१ लाखांवर जातात, म्हणजे एका ४के पडद्यापेक्षाही जास्त, आणि ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेमना, हा आकडा सेकंदाला ८२ कोटी होतो. साध्या मॉनिटरच्या हे साडेसहा पट काम झाले. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस यांत प्रत्येक डोळ्याला १८३२ × १९२० पिक्सेल असल्यामुळे तोच हिशेब सुमारे ६३ कोटींवर येतो. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटांची मागणी २३ कोटींच्या आसपास होती. एनव्हीडियाचे जीटीएक्स ९७० कार्ड पुरते, हा सल्ला त्या काळचा आहे आणि त्या हेडसेटांपुरता तो बरोबरही होता. आजच्या हेडसेटला तो लावणे चुकीचे आहे.

प्रत्यक्षात कार्डाला याहूनही जास्त रंगवावे लागते. हेडसेटचे भिंग चित्राच्या कडा बाहेर ताणते, तो दोष घालवण्यासाठी चित्र आधीच उलट दिशेने वाकवून दाखवावे लागते, आणि असे वाकवताना मधला भाग ताणला जातो. तो ताणूनही स्पष्ट दिसावा म्हणून मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठे काढतात. वाल्व्ह इंडेक्सचा पडदा प्रत्येक डोळ्याला १४४० × १६०० चा आहे, पण संगणकावरून हेडसेट चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर रिझोल्यूशन, म्हणजे काढायच्या चित्राचा आकार, १०० टक्के ठेवले की कार्ड २०१६ × २२४० चे चित्र काढते. दोन्ही बाजू १.४ पट झाल्या की क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. खोक्यावर छापलेले रिझोल्यूशन वाचून कार्ड ठरवणाऱ्यांचा अंदाज चुकतो तो नेमका इथे.

पिक्सेलइतकाच वेळही महत्त्वाचा आहे. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर ११.१ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते. ७२ हर्ट्झला ही मुदत १३.९ मिलिसेकंद असते आणि १२० हर्ट्झला फक्त ८.३. मॉनिटरवर एखादी फ्रेम उशिरा आली तर खेळ किंचित अडखळल्यासारखा वाटतो आणि आपण विसरून जातो; पण हेडसेटमध्ये मान वळली आणि दृश्य वळले नाही, तर ते थेट पोटाला जाणवते. मुदत चुकू लागली की हेडसेटचे सॉफ्टवेअर खेळाकडून निम्म्याच म्हणजे ४५ फ्रेम घेते आणि मधल्या फ्रेम स्वतः अंदाजाने बनवते. ऑक्युलसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१६ पासून आणि स्टीमव्हीआरमध्ये २०१८ पासून आहे. तिच्यामुळे खेळ चालत राहतो, पण हलणाऱ्या हाताच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या लहरतात आणि काहींना तासाभरात मळमळू लागते. म्हणून कार्डांच्या तुलनेत सरासरी फ्रेमचा आकडा वाचून मी कधीही निर्णय घेत नाही. सर्वांत वाईट क्षणी, म्हणजे पडद्यावर धूर, माणसे आणि आरसे एकदम येतात तेव्हा, कार्ड मुदत पाळते का, एवढेच व्हीआरमध्ये पाहायचे असते.

संगणक कुठे अडतो हे शोधायला अर्धा तास पुरतो आणि त्या अर्ध्या तासाने माझ्या एका भाच्याचे बरेच पैसे वाचवले. त्याचे घर साखळीला. त्याच्याकडे कोअर आय ५ मालिकेतला नवव्या पिढीचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड होते, आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दाबोळीला विमान उतरवताना चित्र इतके थरथरत असे की त्याने नव्या कार्डासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. आम्ही स्टीमव्हीआरमधला फ्रेम टायमिंगचा आलेख उघडला. त्यात प्रोसेसरला आणि कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी किती मिलिसेकंद लागले ते वेगवेगळे दिसते. धावपट्टी जवळ आली तेव्हा कार्डाचा आकडा १२ च्या आसपास आणि प्रोसेसरचा २० च्या वर होता. खात्रीसाठी रेंडर रिझोल्यूशन १०० वरून ५० टक्क्यांवर आणले. कार्डाचा आकडा लगेच ७ पर्यंत उतरला, प्रोसेसरचा मात्र जागचा हलला नाही, आणि थरथर तशीच राहिली. "मामा, म्हणजे नवीन कार्ड घातले असते तरी हेच दिसले असते?" असे त्याने विचारले, आणि उत्तर होय असेच होते. त्याने मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला, कार्ड तेच ठेवले, आणि आज तो त्याच कार्डावर समाधानाने उडतो.

ही कसोटी प्रत्येकाने खरेदीपूर्वी करावी. रिझोल्यूशन निम्मे केल्यावर चित्र सुरळीत झाले, तर कार्ड कमी पडते आहे. काहीच बदलले नाही, तर दोष प्रोसेसरचा. संगणकावरचा आलेख स्वच्छ असूनही हेडसेटमध्ये चित्र फुटत असेल, तर दोष वायफायचा असतो, आणि आपल्याकडच्या घरांत हा तिसरा प्रकार बराच आढळतो. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी गिळून टाकतात. पुढच्या सोप्यातला राउटर आतल्या खोलीतल्या हेडसेटला पोचत नाही. खेळण्याच्या खोलीतच वायफाय ६ चा वेगळा राउटर ठेवून संगणक त्याला लॅन केबलने जोडावा. हा खर्च नव्या कार्डाच्या मानाने फारच लहान आहे आणि तो आधी करून पाहावा.

कार्डच बदलायचे असे सिद्ध झाल्यावर पहिला प्रश्न कार्डावरच्या मेमरीचा. व्हीआरमध्ये दोन डोळ्यांची मोठी चित्रे, खेळाचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) आणि हेडसेटचे सॉफ्टवेअर हे सर्व त्याच मेमरीत राहते. ती भरली की जादा माहिती संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवावी लागते, ती कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने ये-जा करते, आणि त्या क्षणी मुदत हमखास चुकते. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० आणि आरटीएक्स ५०६० टीआय या कार्डांना त्या वाटेच्या १६ ऐवजी ८ मार्गिकाच दिलेल्या आहेत. नव्या मदरबोर्डवर हे जाणवत नाही, पण पीसीआय एक्सप्रेस ३.० असलेल्या जुन्या मदरबोर्डवर वाट आणखी अरुंद होते आणि ८ जीबीचे कार्ड तिथे दोन्ही बाजूंनी अडकते. आज नवे कार्ड घेणाऱ्याने व्हीआरसाठी ८ जीबीचे घेऊ नये. एकाच नावाचे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकले जाते, तेव्हा बिलावर कोणते लिहिले आहे ते नीट वाचावे; एनव्हीडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्हींच्या बाबतीत ही खबरदारी लागते.

क्वेस्ट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. तारेच्या हेडसेटला कार्ड डिस्प्लेपोर्टमधून सरळ चित्र देते. क्वेस्टला मात्र केबल लावली तरी चित्र व्हिडिओसारखे दाबून पाठवावे लागते, आणि ते दाबण्याचे काम कार्डावरचा एन्कोडर करतो. एव्ही१ या नव्या पद्धतीने तेवढ्याच डेटात गडद प्रसंग आणि झाडाझुडपांचे तपशील अधिक स्वच्छ दिसतात. ती पद्धत क्वेस्ट ३ आणि ३एस यांना समजते, क्वेस्ट २ ला समजत नाही. आणि कार्डांमध्ये ती आरटीएक्स ४० मालिकेपासून पुढे व आरएक्स ७००० मालिकेपासून पुढे आहे. म्हणून क्वेस्ट ३ साठी आरटीएक्स ३० मालिकेतले जुने कार्ड स्वस्तात मिळत असले, तरी ही उणीव किमतीत धरावी.

नावे घेऊन सांगायचे तर माझी निवड अशी आहे. क्वेस्ट २ किंवा ३एस असेल आणि बीट सेबरसारखे हलके खेळ, किंवा हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्ससारखा चांगला घोटवलेला खेळ खेळायचा असेल, तर १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० अजूनही काम देते, २०२० साली आलेल्या अ‍ॅलिक्सची किमान अट जीटीएक्स १०६० एवढीच होती. क्वेस्ट ३ ला ९० हर्ट्झवर बहुतेक खेळ समाधानाने चालवायचे असतील, तर १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी हा पाया धरावा, आणि खिशाला झेपत असेल तर आरएक्स ९०७० किंवा आरटीएक्स ५०७० टीआय घ्यावे. आरटीएक्स ५०७० वेगाने चांगले आहे, पण त्याची १२ जीबी मेमरी मला चार-पाच वर्षांच्या वापरासाठी कमी वाटते. विमानांचे आणि शर्यतींचे सिम्युलेटर, किंवा प्रत्येक डोळ्याला २८८० × २८८० पिक्सेल असणारा पायमॅक्स क्रिस्टल, यांची भूक वेगळीच असते. तिथे आरटीएक्स ४०८० किंवा ५०८० च्या खाली समाधान होत नाही आणि ४०९० सुद्धा पूर्ण कामाला लागते. कार्डांच्या जाहिरातीत दिसणारे फ्रेम जनरेशनमुळे (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः बनवल्यामुळे) दुप्पट-चौपट झालेले आकडे व्हीआरच्या हिशेबात धरू नयेत. ती सोय मॉनिटरवरच्या खेळांसाठी आहे.

यापुढचा भाग घाईत सोडून दिला जातो, आणि मी तो मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०७० टीआयला ३००, ५०८० ला ३६०, आणि ५०९० ला ५७५. एनव्हीडियाच्या शिफारशीप्रमाणे ४०६० साठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, ५०७० टीआयसाठी ७५० चा आणि ५०८० साठी ८५० चा असावा. हा आकडा इतका मोठा का, याचे कारण कार्डाची क्षणिक उचल. नवे दृश्य समोर आले की कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी नेहमीच्या कितीतरी जास्त वीज ओढते, आणि साधा सप्लाय त्याला बिघाड समजून बंद पडतो. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशी उचल सोसण्याची अट घातलेली आहे, म्हणून नवा सप्लाय घेताना ते लेबल पाहावे. माझ्या स्वतःच्या संगणकात मी एकदा जुना ४५० वॅटचा सप्लाय तसाच ठेवून कनेक्टर बदलणारी एक स्वस्त केबल लावली होती. मॉनिटरवर सर्व ठीक चालले, पण हेडसेट घातला की दहा मिनिटांत संगणक एकदम बंद पडे. कार्डात दोष आहे असे समजून मी ते परत पाठवण्याच्या तयारीत होतो; शेवटी शेजाऱ्याचा चांगला सप्लाय लावून पाहिला तेव्हा तो प्रकार थांबला. १६ पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत आत बसवावा आणि केबल कनेक्टरच्या तोंडापाशीच मोडू नये, कारण अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळल्याचे प्रकार २०२२ पासून झालेले आहेत.

मिरगाच्या पहिल्या गडगडाटापासून चवथ होईपर्यंत आपल्याकडे वीज ये-जा करते, म्हणून यूपीएसचाही विचार कार्डाबरोबरच करावा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. एकट्या कार्डाला ३०० वॅट लागत असतील तर वीज जाताच तो यूपीएस ओरडून बंद पडणार, आणि संगणक त्याच्याबरोबर जाणार. मोठ्या कार्डासाठी किमान १००० व्हीएच्या पुढचा आणि शुद्ध साइन वेव्ह देणारा घ्यावा. विजा चमकत असताना तर प्लग भिंतीतून काढून ठेवणे हाच उपाय आहे. जुन्या घरात अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर नवे कार्ड बसवण्याआधी ते काम करून घ्यावे.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवाही कार्डाचे आयुष्य खाते. मोरजीच्या एका घरात मी कॅबिनेट उघडले, तेव्हा जेमतेम दोन पावसाळे पाहिलेल्या कार्डाच्या पट्टीवरचे स्क्रू गंजून तांबूस झाले होते, पंख्याच्या पात्यांवर ओलसर धुळीचा थर बसला होता, आणि सोनेरी संपर्कांच्या एका कडेला हिरवट डाग धरला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने ते संपर्क पुसले आणि कार्ड परत बसवले, तेव्हा अधूनमधून काळा पडणारा पडदा सुरळीत झाला. अशा घरात संगणक जमिनीवर ठेवू नये आणि पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद राहू देऊ नये. चालू संगणकाची उष्णता आतला दमटपणा घालवते. कॅबिनेटमधली जागा टेपने मोजावी. दोन पंख्यांची कार्डे साधारण २०० ते २५० मिलिमीटर लांब असतात, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे जातात, आणि पुढचा पंखा किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका आड येतो. ३०० वॅटचे कार्ड तेवढीच उष्णता खोलीत सोडते, हेही मे महिन्यात हेडसेट घालून उभे राहणाऱ्याने लक्षात घ्यावे.

खरेदीबद्दल थोडेच सांगतो. गोव्यातल्या दुकानांत मोठी कार्डे नेहमी तयार नसतात, त्यामुळे ती मागवून घ्यावी लागतात, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या कोणाला सांगावी लागतात. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारावा, पक्के बिल घ्यावे, आणि वॉरंटीसाठी कार्ड कोणत्या शहरात पाठवावे लागेल ते आधीच विचारून ठेवावे. हेडसेट दुबईहून आला तसे कार्डही आणवण्याचा मोह होतो, परंतु कार्डाची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात ते विकले गेले तिथेच चालते. जुलैत कुरिअरने आलेले एक खोके मला कोपऱ्यात भिजलेले मिळाले होते, आणि केवळ ते उघडताना व्हिडिओ काढल्यामुळे बदलून मिळाले. खोके वातानुकूलित गाडीतून किंवा दुकानातून आले असेल तर ते दोन-तीन तास न उघडता खोलीत ठेवावे, म्हणजे थंड धातूवर दव धरत नाही.

वापरलेले कार्ड घेणे चूक नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे कार्डांवर हिशेब करून चलन मिळवणे, थांबले तेव्हा रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली, आणि त्यांतली काही अजून हात बदलत आहेत. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अर्धा तास जड खेळ चालवून, पंख्यांचा आवाज आणि मेमरीचे तापमान पाहून आणि प्रत्येक डिस्प्लेपोर्टला मॉनिटर लावून मगच पैसे द्यावेत. स्वस्तात जुना हेडसेटही मिळत असेल तर एक सूचना: एचपी रिव्हर्ब जी२ सारखे हेडसेट ज्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालत, ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली आहे.

कार्ड बसवल्यावर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालावा आणि लगेच सर्व सेटिंग वर चढवू नयेत. आधी ७२ किंवा ९० हर्ट्झ ठरवून टाकावे, खेळातला सर्वांत जड प्रसंग शोधावा, आणि त्याच प्रसंगात पुन्हा पुन्हा उभे राहून रेंडर रिझोल्यूशन दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जावे. ९० हर्ट्झवर कार्डाचा आकडा साडेनऊ मिलिसेकंदांच्या आसपास आला की थांबावे. उरलेला दीड मिलिसेकंद अचानक येणाऱ्या जड क्षणासाठी राखून ठेवायचा असतो. त्यानंतर सावल्यांची पातळी एक पायरी खाली आणून पाहावे, कारण हेडसेटमध्ये सावल्यांचा फरक डोळ्यांना फार कमी कळतो आणि वाचलेला वेळ स्पष्टतेसाठी वापरता येतो.

उतरवलेले कार्ड महिनाभर तरी विकू नये. नव्यात काही बिघाड निघालाच तर तेच कामी येते. ते अँटीस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह बंद करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावे, आणि पिशवीवर कार्डाचे नाव व काढल्याची तारीख लिहावी.